दिगूकाकांची आढी

दिगूकाका मयेकर हस्तलिखित वाचत नाहीत, दाबून बघतात.

म्हणजे अक्षरशः दाबतात. लेखकाने वर्ष-दोन वर्षं खपून लिहिलेला कागदांचा गठ्ठा पुढे केला की काका तो दोन्ही हातांत घेतात, मधोमध अंगठा रोवतात, कडेला नाक लावून एक लांब वास घेतात आणि मान हलवून सांगतात, “कच्चं आहे. देठाशी हिरवं लागतंय.” कागदाला देठ कुठे असतो, असं मी एकदा विचारलं होतं. “ते तुला कळलं असतं तर तू प्रकाशक झाला असतास, लेखक कशाला झाला असतास?” असं उत्तर मिळालं. त्यानंतर मी शारीरिक रचनेबद्दलचे प्रश्न बंद केले.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला काकांचं कौलारू घर आहे. फाटकावर पाटी आहे, ‘आढी प्रकाशन’. पाटीवर आंब्याचं चित्र आहे आणि त्या आंब्याच्या पोटात एक उघडं पुस्तक आहे. रंगाऱ्याने ते पुस्तक इतकं लहान काढलंय की चालत्या गाडीतून फक्त आंबा दिसतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या फाटकाशी थांबतात, काच खाली होते आणि आतून विचारणा होते, “काका, पेटी कशी दिली?” काका अंगणातूनच ओरडतात, “आंबा नाही, कविता आहेत! डझनावर देत नाही!” काच लगेच वर जाते. पाटी बदला म्हणून मी कितीदा सांगितलं. “कशाला? वर्षातून एक तरी माणूस गाडीतून उतरून आत येतो,” असं त्यांचं म्हणणं.

काका मूळचे आंबेवाले. वडिलांची चाळीस कलमं होती, आणि आंबा उतरवण्यापासून तो पेटीत भरण्यापर्यंत सगळं काकांनी हाताने केलेलं. पन्नाशीला आल्यावर त्यांच्या डोक्यात पुस्तकं काढायचं खूळ शिरलं आणि कलमं भावाच्या हवाली झाली. पण माणूस धंदा बदलतो, सवय बदलत नाही. आंबा झाडावरून काढला की लगेच खात नाहीत, पेंढ्यात घालून पिकवतात, त्याला आढी लावणं म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. काका लेखनालाही आढी लावतात. पडवीच्या टोकाला फळ्यांची एक लांबलचक मांडणी आहे. तिच्यावर भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर ओळीने हस्तलिखितं, त्यावर पुन्हा पेंढा. प्रत्येक गठ्ठ्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर लेखकाचं नाव आणि घातल्याची तारीख. पेंढ्याने दमट हवा बाधत नाही, हे एक कारण ते सांगतात. दुसरं कारण असं, की चौदा महिन्यांत लेखकाचा ताप उतरतो.

चौदा महिने हा कमीत कमी काळ. तोवर काका एक ओळ वाचत नाहीत. दर शनिवारी मात्र सगळी आढी उपसायची, वरचे गठ्ठे खाली, खालचे वर करायचे, प्रत्येक दाबून बघायचा. एकदा एका स्थानिक पुढाऱ्याचं आत्मचरित्र आलं होतं, चांगलं सहाशे पानांचं. तिसऱ्या शनिवारी काकांनी ते आढीतून उचलून स्वयंपाकघरात नेऊन टाकलं. “डाग आहे त्याला. शेजारची कविता नासेल.” ती शेजारची कविता लांज्याच्या एका बाईंची होती. ती पुढे खरंच चांगली पिकली. आत्मचरित्राचं काय झालं ते पुढे येईल.

हे सगळं ऐकून हा माणूस चक्रम आहे असं तुम्हाला वाटलं असेल. आहेच. पण चौदा महिन्यांनी जेव्हा ते हस्तलिखित बाहेर काढतात, तेव्हा तीन वेळा वाचतात, आणि असं वाचतात की लेखकाला घाम फुटतो. अंगात खिशाची गंजी, कमरेला पंचा, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली आणि कानावर पेन्सिल. माझं पुस्तक त्यांनी असंच वाचलं. मी वीज खात्यात आहे. आमच्या खात्यातल्या गमतीजमती मी लिहिल्या होत्या आणि त्या छापल्यावर महाराष्ट्र पोट धरून हसणार याबद्दल मला शंका नव्हती. माझा गठ्ठा आढीत सव्वीस महिने राहिला. बाहेर आल्यावर काकांनी त्यातली अकरा पानं एका रेघेत मारली. “हे साल आहे. गर मागून सुरू होतो.” मी संतापलो, घरी गेलो, ती अकरा पानं पुन्हा वाचली आणि बायकोला न दाखवता चुलीत घातली. सव्वीस महिन्यांपूर्वी तीच पानं मी पाहुण्यांना वाचून दाखवत होतो.

हीच पद्धत त्यांनी आयुष्यातही वापरली, ते मात्र चुकलं. तरुणपणी स्थळं आली तेव्हा प्रत्येक वेळी “वायच थांबू” असं म्हणाले. ‘वायच’ म्हणजे थोडंसं. काकांच्या तोंडी हा शब्द दिवसातून चाळीस वेळा येतो आणि त्याची लांबी कोणालाच माहीत नाही. मुली थांबल्या नाहीत. एक तर म्हणे राजिवड्यात दिली, तिला आता नातवंडं आहेत. “ती स्थळं पण आढीत घातलीत की काय?” मी गमतीने विचारलं होतं. “घातली. बाहेर काढायला गेलो तर नुसता पेंढा,” काका म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले. मीही हसलो.

त्या सव्वीस महिन्यांत मी दर शनिवारी त्यांच्याकडे जायचो. जावंच लागायचं, नाहीतर आपला गठ्ठा तळाशी राहतो की काय ही धास्ती. मी “पिकलं का?” विचारायचो, काका गठ्ठा दाबायचे, “वायच थांब” म्हणायचे आणि मग आठळ्या यायच्या. फणसाच्या बिया मातीत घोळवून ठेवलेल्या असायच्या, त्या मीठ घालून उकडायच्या आणि सोबत गवती चहा. मंगलताई त्या उकडायच्या. मंगलताई म्हणजे काकांचा बांधणी विभाग. छपाई कोल्हापूरला होते, छापलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे मोठे कागद, घरी येतात आणि ते दुमडणं, शिवणं, कव्हर चिकटवणं हे सगळं मंगलताई पडवीत बसून करतात. आठळ्या सोलता सोलता काका माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे, मुलीला गणितात किती पडले ते विचारायचे आणि मागच्या शनिवारी मी काय बोललो होतो ते मला आठवण करून द्यायचे. मला वाटायचं, म्हातारा विषय टाळतोय.

मग पुस्तक निघालं. महाराष्ट्राने पोट धरलं नाही, पण चार ओळखीच्यांनी बरं म्हटलं. आणि मी काकांकडे जाणं बंद केलं. भांडण नाही, काही नाही. काम संपलं होतं, एवढंच. बाजारात दिसले तर हात करायचो. असं करता करता चार वर्षं गेली.

मागच्या ऑगस्टमध्ये भाच्याच्या साखरपुड्याला दापोलीला गेलो होतो. शनिवारी पहाटेच्या एसटीने परत यायला निघालो, तर शेजारी एक ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ येऊन बसले. डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि मांडीवर पिशवी. त्या पिशवीत सुके बांगडे आहेत हे मला सांगावं लागलं नाही, ड्रायव्हरलासुद्धा सांगावं लागलं नसेल.

“रत्नांगिरीला?” त्यांनी विचारलं.

“हो. तुम्ही?”

“मी पण. पुस्तक पिकला काय बगायला.”

मी सीटवरच वळलो. त्यांचं नाव गणपत तांडेल, गाव बुरोंडी. जन्म होडीवर गेलेला. अक्षरओळख चाळिशीनंतर, तीही मासळी बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर. बुरोंडीसमोर पाण्याखाली जे खडक आहेत, ज्यांना तिकडे खडप म्हणतात, त्यातल्या प्रत्येकाला म्हाताऱ्या लोकांनी नाव दिलेलं आहे. कुठलं खडप कुठे, कुठल्या वाऱ्यात त्याच्या जवळ जायचं नाही, कुठल्यापाशी कोण बुडालं, हे सगळं त्यांनी शाळेच्या अकरा वह्यांत लिहून काढलं होतं. पोरं आता यंत्रावर बघून होडी नेतात, त्यांना नावांची गरज नाही, म्हणून. त्या अकरा वह्या काकांच्या आढीत दोन वर्षं होत्या. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तांडेल पहाटे उठून, बुरोंडीहून दापोली आणि दापोलीहून रत्नागिरी असा प्रवास करून, “पिकला काय?” हे विचारायला येत होते.

संगमेश्वरला गाडी चहाला थांबली तेव्हा ते खाली उतरताना पायरी चाचपू लागले. मी हात दिला.

“डोल्यात काचबिंदू हाय,” ते म्हणाले. “एक गेलाच. दुसऱ्यात वायच उजेड हाय. डाक्टर बोलला, दिवालीपरयंत काय बगायचा ता बगून घ्या.” चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला. “मना जास्त काय नको. माजा लिवलेला छापून कसा दिसतो तेवडा माज्या डोल्यान बगायचा. दुसऱ्यान वाचून दाखवला तर काय, ता मना पाठच हाय.”

दिवाळीला अडीच महिने होते. मी मनात म्हटलं, आज बघतोच काकांकडे.

फाटकातून आम्ही दोघं आत शिरलो. काका आढी उपसत बसले होते. मला बघून त्यांनी चष्मा वर केला. “काय रे सुधीर, वाट चुकलास?” मग तांडेलांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं, पिशवीचा वास घेतला, “बांगडे आहेत, चांगले वाळलेत” असा निर्वाळा दिला. तिथपासून जेवण होईपर्यंत दोघांच्या गप्पा. तांडेलांच्या सुनेचं माहेर, होडीचं इंजिन, कुठल्याशा खडपाजवळ सापडलेला घोळ मासा. शेवटी तांडेलांनी विचारलं, “मंग? पिकला?” काकांनी अकरा वह्यांचा गठ्ठा पेंढ्यातून काढला. दाबला. हुंगला. त्या वह्यांना सुक्या मासळीचा एवढा वास होता की शेजारच्या कथासंग्रहालाही लागला असणार.

“देठाशी हिरवं आहे, तांडेल. वायच थांबायला हवं.”

तांडेलांनी मान डोलावली. तक्रार नाही, काही नाही. “बरा तर,” म्हणाले आणि काठी शोधू लागले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्यांच्यासमोर बोलता येईना. त्यांना स्टँडवर नेऊन दापोलीच्या गाडीत बसवलं आणि तसाच रिक्षा करून परत आलो, काय काय बोलायचं ते जुळवत.

काका दुधाला गेले होते. पडवीत मंगलताई फर्मे शिवत होत्या. काका नाहीत म्हणून मी सगळा राग त्यांच्यावर काढला. म्हाताऱ्या माणसाचे डोळे चाललेत आणि हे दाबून काय बघतात, पुस्तक आहे का पायरी आंबा आहे, वगैरे वगैरे. मंगलताईंनी दोरा दाताने तोडला.

“भाऊ, ओरडू नका. त्या वह्या नुसत्या दाखवायला आहेत. पुस्तक शिमग्यातच शिवून तयार झालंय.”

“मग आहे कुठे ते?” मी विचारलं.

“त्या कपाटात बघा. कव्हरं पण कधीची छापून आलीत, ट्रंकेत आहेत. फक्त चिकटवायची बाकी. मी खळ शिजवते म्हटलं की ह्यांच्या पोटात दुखतं. आज नको, उद्या नको, हवा दमट आहे. श्रावणात दमट असते हो, चैत्रात कुठे दमट होती?”

मी कपाट उघडलं. पुस्तकांचे थर होते, शिवलेले, कापलेले, पाठीला कापड लावलेले, बिनकव्हराचे. वरचं एक काढून उघडलं. एका पानावर जेमतेम अकरा-बारा ओळी होत्या. अक्षरं एवढाली, लहान मुलांच्या अंकलिपीत असतात तशी, आणि दोन ओळींमध्ये भरपूर जागा. मला काही समजेना. एवढ्यात फाटक वाजलं आणि दुधाची पिशवी घेऊन काका पडवीत आले. माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी बघितलं. पिशवी खुंटीला अडकवली. बसले.

“दोनदा लावलं ते,” मग म्हणाले. “पहिलं नेहमीच्या टायपात लावलं होतं. त्याच टायपातलं दुसरं पुस्तक हातात दिलं तर म्हातारा ते नाकाला लावून वाचायला लागला. म्हटलं हे काय कामाचं नाही. म्हणून सगळं मोडून पुन्हा लावलं. पानं दुप्पट झाली, होऊदेत.”

“आणि कव्हर?”

काका खुंटीवरच्या दुधाच्या पिशवीकडे बघू लागले.

“काका, त्यांना दिवाळीपर्यंतच दिसणार आहे. तुम्हाला माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग कव्हर का नाही लावलं?”

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्या पुस्तकाला कव्हर लागल्यावर तू किती वेळा आलास?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मंगलताई उठून उगीचच विहिरीकडे गेल्या.

“तुला बोल लावत नाही मी,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. “तू एकटा नाहीस. सोळा पुस्तकं काढली मी. लांज्याच्या त्या कवितावाल्या बाई दोन वर्षं येत होत्या, दर खेपेला काजूची उसळ घेऊन. पुस्तकाची पेटी नेली त्यानंतर एकदा रस्त्यात भेटल्या, मुलीच्या लग्नाच्या घाईत होत्या. तो कॉलेजातला प्रोफेसर तर चिपळूणला गेला ते मला पेपरात वाचून कळलं. सोळा पुस्तकं गेली, सोळा माणसं गेली. बरोबरच आहे. पिकलेला आंबा कोण आढीत ठेवतो? पण हा म्हातारा एवढ्या लांबून येतो रे. महिनाभर मी त्याला काय काय सांगायचं ते ठरवत असतो. म्हटलं, आणखी एक महिना. मग आणखी एक.”

“चूक केलीत,” मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

“केली,” काका म्हणाले. “मंगल! खळ शिजव गो!”

पुढचे तीन दिवस मी ऑफिसातून परस्पर तिकडेच जात होतो. कव्हर चिकटवणं वाटतं तेवढं सोपं नाही. माझ्या हातची पहिली तीन पुस्तकं वाकडी झाली, तेव्हा मंगलताईंनी मला फक्त वजनं ठेवायच्या कामावर नेमलं. चिकटवलेल्या पुस्तकांवर वजन ठेवावं लागतं, नाहीतर ती फुगतात. एका थरावर पाटा, एकावर जात्याची तळी, आणि तिसऱ्या थरावर काकांनी स्वयंपाकघरातून ते सहाशे पानी आत्मचरित्र आणून ठेवलं. “बघ, शेवटी उपयोगी पडलं,” म्हणाले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदा हसले.

तांडेलांना निरोप धाडला आणि ते पुढच्याच शनिवारी आले. आढी प्रकाशनात प्रकाशन समारंभ असा नसतो. आंब्याची लाकडी पेटी असते, तिच्यात पेंढा घालून लेखकाच्या प्रती ठेवलेल्या असतात, आणि लेखकाने स्वतः फळी उचकटायची. लांज्याच्या बाईंची म्हणे पैठणी पेंढ्यात अडकली होती. तांडेलांनी काठी बाजूला ठेवली, फळी उचकटली आणि आत हात घालून चाचपून एक पुस्तक काढलं. वास घेतला.

“मासली नाय लागत,” म्हणाले.

“तुमच्या वह्यांना आहे तेवढी पुरे,” काका म्हणाले.

तांडेलांनी पुस्तक गुडघ्यावर ठेवलं. मला वाटलं होतं की ते नाकाशी नेतील. नेलं नाही. बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसले, पहिलं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं. बोट हळूहळू सरकू लागलं.

“आमच्या गावासमोर... पाण्याखाली... एकोणीस खडपं आहेत. एकाला... माझ्या बापाचं नाव आहे.”

तेवढं वाचून थांबले. पुन्हा पहिल्या शब्दावर बोट नेलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी न अडखळता. मग पुस्तक मिटलं. “दिसला,” म्हणाले. “माजा मना दिसला.”

काका म्हणाले, “चहाचं बघतो,” आणि आत गेले. चहाचे चार कप आधीच आमच्यासमोर जमिनीवर वाफाळत होते. मंगलताई माझ्याकडे बघू लागल्या, मी कपांकडे बघू लागलो. काका बऱ्याच वेळाने बाहेर आले, तोंड धुतलेलं होतं.

जाताना तांडेलांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. “येतय,” म्हणाले. काका फाटकापर्यंत गेले आणि रिक्षा पुलाकडे वळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी सहज म्हणून डोकावलो. म्हणजे सहज नाही, मुद्दाम. पडवीत बाकावर दोन कप मांडलेले होते आणि काका एकटेच होते. अकरापासून ते तीनदा फाटकाकडे जाऊन आल्याचं मंगलताईंनी मला खुणेने सांगितलं. तांडेलांच्या मुलाचा नुकताच फोन येऊन गेला होता. बाबांना आता एकट्याने एसटीत सोडत नाही, म्हणाला. पुस्तक रोज मांडीवर असतं, म्हणाला. काकांनी मला हे सगळं अगदी सरळ आवाजात सांगितलं आणि आढी उपसायला घेतली. आढीत आता दोनच गठ्ठे होते. लेखक हल्ली पुस्तक स्वतःच मोबाइलवर टाकतात, चौदा महिने कोण थांबणार? अकरा वह्या होत्या त्या जागी पेंढ्यात मोठा खळगा पडला होता.

मी घरी आलो आणि माळ्यावर चढलो. तिथे माझ्या दौऱ्याच्या डायऱ्यांच्या नकला आहेत, अठरा वर्षांच्या. बायको खालून विचारत होती की काय शोधताय. चांगला जाडजूड गठ्ठा काढला, धूळ झटकली, सुतळीने बांधला आणि दुपारी चारला पुन्हा आढी प्रकाशनाच्या पडवीत हजर झालो.

“काका, नवीन लिहिलंय.”

काकांनी चष्मा सारखा केला. गठ्ठा घेतला. सुतळी थोडी सैल करून, कधी करत नाहीत ते केलं, एक पान उघडून वाचलं. मला वरून दिसत होतं. ‘सकाळी साडेदहा. हातखंबा. खांब क्रमांक चारची पाहणी केली. आंब्याची फांदी तारेला लागत होती ती काढली. दुपारी परत.’ काकांनी ते पान वाचलं, पुढचंही वाचलं, तिथेही मी एक फांदी काढली होती. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मान खाली घातली, शाळेत घालायचो तशी.

त्यांनी सुतळी पुन्हा घट्ट केली. गठ्ठा दोन्ही हातांत धरला, मधोमध अंगठा रोवला, कडेला नाक लावून लांब वास घेतला.

“फारच कच्चं आहे,” म्हणाले. “देठाशी पार हिरवं.”

“किती महिने लागतील?”

“सांगता येत नाही. जाड आहे. दर शनिवारी फिरवायला लागणार, तू आलास तर बरं.”

“येईन.”

त्यांनी पेंढा बाजूला सारला, तांडेलांच्या वह्यांच्या खळग्यात माझा गठ्ठा नीट बसवला आणि वरून पेंढा पसरला. चिठ्ठीवर माझं नाव आणि तारीख घातली. मग मंगलताईंना आठळ्या शिजत टाकायला सांगून बाकावर माझ्यासाठी जागा केली.

मी घड्याळाकडे बघितलं असेन. सवयीने.

“बस रे,” काका म्हणाले. “वायच थांब.”